पाचशे रुपयांची पावती

परवा आमच्या चाळीतला एक पोरगा फॉर्म घेऊन घरी आला. सरकारी नोकरीत निवड झालीय, पेढे वाटून झालेत, आता साक्षांकन नमुना, म्हणजे चारित्र्य-पडताळणीचा फॉर्म, भरायचाय. सगळं सुवाच्य भरलेलं, एकच रकाना कोरा. कधी न्यायालयाने दोषी ठरवलं आहे का?

"काका, इथे काय लिहू?"

चार वर्षांपूर्वी हा हार्बरच्या एका स्टेशनात रूळ ओलांडताना सापडला होता. सात-आठ जणांबरोबर बाकावर बसवलं, मग मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं. गुन्हा कबूल? शेजारच्या अनुभवी माणसाने आधीच कानात सांगितलं होतं, हो म्हण, दंड भर, सुटशील. दुसरा खाडा कोणाला परवडतो? हा हो म्हणाला, पाचशे भरले, दुपारी कामावर हजर.

रेल्वे कायदा १९८९, कलम १४७. तेव्हा त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. रूळ ओलांडू नयेत, याबद्दल वाद नाही. (मी स्वतः कॉलेजात असताना रोज ओलांडायचो. सापडलो नाही, म्हणून माझा रकाना स्वच्छ.) दंड जरूर घ्या. पण त्या बाकावरच्या माणसाला हो म्हणायच्या आधी कोणीतरी सांगा ना, की बाबा रे, ही पार्किंगची पावती नाही, तू दोषी ठरतोयस.

१९५८ चा परिवीक्षा कायदा आहे. किरकोळ गुन्ह्यात कोर्ट समज देऊन सोडू शकतं, आणि तसं सोडलं तर कलम १२ प्रमाणे दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. हे मागायचं असतं हे त्या बाकावर कोणाला ठाऊक? मोफत वकिलाची सोय कायद्यात आहे, पण वकील येईपर्यंत थांबायचं म्हणजे पुन्हा खाडा.

१ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आली. पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलीच वेळ, वस्तू परत केली, तर समाजसेवा. आमच्या ग्रुपवर लोक हसले, चोरांना झाडू द्या म्हणून. मला पटलं ते. पण झाडू मारून झाला तरी दोषी हा शब्द राहतोच, तो कोण झाडणार?

ओळखीतले एक गृहस्थ दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेले. दहा हजार भरले. आता पार्टीत तोच किस्सा रंगवून सांगतात. स्वतःचा धंदा आहे, त्यांच्यापुढे असला फॉर्म कोण ठेवणार? रूळ ओलांडून त्या पोराने जीव घालवला असता तो स्वतःचा. यांनी दुसऱ्याचा घालवला असता.

मी त्याला खरं लिही म्हटलं. २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की गुन्हा क्षुल्लक असेल तर माहिती लपवल्याकडेही नोकरी देणारा दुर्लक्ष करू शकतो. पण 'करू शकतो', केलंच पाहिजे असं नाही. आणि खरं सांगितलं तरी घ्यायचं की नाही याचा विचार करायचा हक्क नोकरी देणाऱ्याचाच. हे मी त्या पोराला जरा हळू आवाजात सांगितलं.

त्याने 'होय' लिहिलं. पावतीची झेरॉक्स जोडायची म्हणाला. मूळ पावती आईने रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली होती, पैसे भरल्याचा पुरावा म्हणून.