आगामी कादंबरीकारास काही सूचना

कादंबरी लिहायला घेताय असं कळलं. अभिनंदन. सगळ्यात आधी अर्पणपत्रिका लिहून टाका. कादंबरी पुरी होईपर्यंत ज्यांना अर्पण करायची त्यांच्याशी बोलणं उरेलच, याची खात्री नसते. मग ऋणनिर्देश. मग मलपृष्ठावरचा मजकूर: 'समकालीन वास्तवाचा बहुपेडी वेध घेणारी...' 'बहुपेडी' सोडू नका. कादंबरी एकपेडी निघाली तरी वाचकाने पेड मोजल्याचं अजून ऐकिवात नाही. एवढं झालं की निम्मं काम उरकलं. राहिली ती कादंबरी, आणि तिची काही घाई नाही.

घाई नाही म्हणायला आधार लागतो, तो परंपरेतून घ्यावा. लिखाण भराभर होत असेल तर चारचौघांत सांगा की नेमाड्यांनी 'कोसला' अवघ्या काही आठवड्यांत लिहून काढली. ठप्प असेल तर सांगा की 'हिंदू' 2010 साली आली आणि तोवर वाचक वर्षानुवर्षं वाट बघत होते. एकाच लेखकाने दोन्ही सोयी करून ठेवल्या आहेत, याबद्दल तरी त्यांचं ऋण माना. फक्त हरिभाऊ आपट्यांचं नाव काढू नका. त्यांनी 1890 साली 'करमणूक' सुरू केलं आणि त्यात कादंबऱ्या क्रमशः छापल्या. ते साप्ताहिक, त्यामुळे मागचं प्रकरण छापून लोकांच्या घरी गेलेलं आणि पुढच्याला मुदत डोक्यावर. अशा माणसाचा आदर्श ठेवला तर पुनर्लेखन करायचं कधी? त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, एवढंच ध्यानात ठेवा. कधी ना कधी उपयोगी पडेल.

पहिला खर्डा सुरू झाला की तीसचाळीस पानं तुम्ही स्वतःवर बेहद्द खूश असाल. मेथीची जुडी निवडताना मनात संमेलनाध्यक्षाच्या भाषणाची जुळवाजुळव चालू असेल. चालू द्या. या काळात नोकरीचा राजीनामा आणि प्रकाशकांना फोन, एवढं मात्र टाळा. कारण पन्नासाव्या पानाच्या सुमाराला तुमचा नायक एसटी स्टँडवर येतो आणि बाकावर बसतो. गाडी काही लागत नाही. लागली तर तो कुठेतरी पोचेल, आणि तिथे काय घडतं ते तुम्ही ठरवलेलं नाही. मग तो चहा पितो. कंट्रोलरच्या घोषणा ऐकतो. शेवटी त्याला बालपण आठवतं. नायकाला बालपण आठवायला लागलं की समजावं, लेखकाला पुढचं काही सुचत नाहीये. पण घाबरून जाऊ नका. हे सगळं विरामचिन्हं काढून सलग लिहिलं की त्याला संज्ञाप्रवाह म्हणतात.

खर्डा पूर्ण झाल्यावर तो रात्री उशिरा वाचायला घ्यावा. आपल्याला मराठी येतं का, अशी शंका येईल. सकाळी तीच पानं वाचा, बरी वाटतील. एखाददुसरं वाक्य तर चक्क सुंदर. दुपारी पुन्हा भिकार. पानं तीच असतात. या अवस्थेत निर्णय घ्यायचा नसतो, दिवाळी अंकाला एक प्रकरण पाठवायचं असतं.

ही वाट अगदी खात्रीची आहे. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीला संपत आलं आहे. संपादकाला पानं भरायची असतात, तुम्हाला नाव छापून यायला हवं असतं. त्यातलं बरंसं प्रकरण निवडायचं (एसटी स्टँडचं नको) आणि खाली तिरप्या अक्षरात टाकायचं: 'आगामी कादंबरीतील अंश'. आता तुम्ही आगामी कादंबरीकार झालात. हे पद मोठं सोयीचं आहे. परिसंवादाला बोलावणं येतं, ओळख करून देणारा 'सध्या एका महत्त्वाकांक्षी कादंबरीवर काम करत आहेत' म्हणतो, आणि प्रत्यक्ष कादंबरी कुणी वाचलेली नसल्यामुळे तिच्यावर टीकाही होत नाही. दर दिवाळीला एक अंश देत राहिलात तर काही माणसं सन्मानाने निवृत्त होईपर्यंत आगामी राहू शकतात. मी त्यांची नावं घेणार नाही, त्यांच्या कादंबऱ्या यायच्या आहेत.

तुम्हाला तरीही पुढे जायचंय? मग खर्डा लोकांना वाचायला द्या. आईला दिलात तर ती पहिल्यांदा स्वतःला शोधेल आणि नंतर विचारेल, "कमल आत्याबद्दल असं लिहायचं होय रे? ती वाचते, माहीत आहे ना?" कार्यालयातला सहकारी 'ओघवती आहे' म्हणेल, म्हणजे तो सहाव्या पानापर्यंत पोचला आहे. मराठीचे प्राध्यापक असलेले मित्र विचारतील की यात जागतिकीकरण कुठे आहे. कवी असलेला मित्र सगळे संवाद काढून टाकायला सांगेल, नाटकवाला फक्त संवाद ठेवायला. एखादी मैत्रीण मात्र हळूच म्हणेल, "तिसऱ्या प्रकरणापासून सुरू केलीस तर?" हिला पुन्हा कधी काही वाचायला देऊ नका. तिचं बरोबर आहे. बाकी सगळ्यांच्या सूचना मात्र मनोभावे स्वीकारा, म्हणजे कादंबरीत मुळात नव्हतं ते सगळं येईल, आत्या तेवढी जाईल.

आता खरं पुनर्लेखन. यात पहिला प्रकार तिथीवारांचा. तुमच्या सातव्या प्रकरणात लक्ष्मीपूजनाच्या रात्री टिपूर चांदणं पडलंय आणि त्यात नायिका गच्चीवर उभी आहे. त्या रात्री अमावास्या असते, हे महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. तुम्हालाही आहे, पण लिहिताना नायिका गच्चीवर असते, पंचांग खाली स्वयंपाकघरात. चांदणं काढलंत तर नायकाला तिच्या डोळ्यांतलं पाणी दिसणार नाही, आणि ते दिसलं नाही तर आठवं प्रकरण घडत नाही. सबब दिवाळी पंधरा दिवस अलीकडे ओढून कोजागरी करा. मग फटाके काढा, मसाला दूध घाला, बोनसच्या रकमेचा काय तो विचार करा. तेवढ्यात लक्षात येईल की 1970 सालात नायकाचे काका दादरला बसून दूरदर्शनवर मराठी बातम्या बघताहेत. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. काकांना रेडिओ द्या, किंवा दोन वर्षं थांबायला सांगा. तेही जमत नाही, कारण काका 1971 मध्ये वारतात. एकोणिसाव्या प्रकरणातल्या लग्नात ते आग्रहाने जिलबी वाढतात, पण ते पुढचं पुढे बघू.

दुसरा प्रकार नावांचा. एका सकाळी तुम्हाला साक्षात्कार होईल की नायिकेचं नाव रमा असणं फार घरगुती आहे, तिला वैदेही म्हटल्यावर एक वेगळीच उंची येते. एकेक जागा शोधत बसायला वेळ कुणाला आहे? संगणकाला एकच आज्ञा द्या: सगळीकडे 'रमा' काढ, 'वैदेही' घाल. यंत्र फार आज्ञाधारक असतं. पावसात नायक 'गवैदेहीगरम' भजी खाईल. आजोबा 'पवैदेहीत्म्याचं' नाव घेत डोळे मिटतील. कोजागरीला 'चंद्वैदेही' उगवेल आणि पुढच्या प्रत्येक प्रकरणावर 'प्रकरण क्वैदेहींक' असं छापलेलं असेल. हे सगळं शोधून निस्तरण्यात चार रविवार सुखाने जातात, आणि आपण कादंबरीवर काम करतोय याचं समाधानही पुरेपूर मिळतं. शेवटी तिचं नाव पुन्हा रमा ठेवा. पण ते हाताने.

काटछाटीबद्दल थोडक्यात. जे पान तुम्हाला फार आवडतं ते बहुधा पहिल्या पावसाचं वर्णन असतं आणि त्याचा कथेशी काही संबंध नसतो. ते फेकून देऊ नका, 'काढलेलं' नावाच्या फाइलमध्ये ठेवा. वर्षभराने दोन्ही फाइली उघडा. 'काढलेलं' जास्त वाचनीय वाटली तर तीच प्रकाशकाकडे पाठवा, ललित लेखसंग्रह म्हणून.

आणि प्रकाशक मिळालाच, तर हरायचं नाही. छापखान्यात तुमचा युनिकोड मजकूर त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये जाईल, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतील आणि लग्नातले 'आशीर्वाद' एकाएकी 'आर्शीवाद' होतील. मुद्रितशोधक हे दुरुस्त करून प्रुफं तुमच्याकडे पाठवेल. प्रुफं म्हणजे ऱ्हस्वदीर्घ तपासायचे कागद, असा प्रकाशकाचा समज असतो. तो दूर करा. समासात नवा परिच्छेद लिहा, बाण काढा, बाण पुरले नाहीत तर पाठकोरा कागद टाचा. सोळा पानांचा फॉर्म असतो. चौथ्या फॉर्मात दहा ओळी घातल्या की पुढची सगळी पानं सरकतात, शेवटच्या फॉर्मात एक ओळ उरते आणि तिच्यासाठी कागद वाढतो. मग प्रकाशक फोन उचलणं बंद करतो. अशा वेळी बाराव्या प्रकरणाचा नवा खर्डा पिशवीत घालून समक्ष जावं. दुपारी एकच्या सुमाराला गेलं तर बरं, डबा उघडलेला असताना माणूस खुर्ची सोडून पळत नाही.