डोंबिवली नेमकी कुठे संपते?

रविवारी संध्याकाळी भागशाळा मैदानाजवळच्या कट्ट्यावर विषय निघाला तो मंग्याच्या नव्या घरावरून. मंग्याने पलावात, म्हणजे निळज्याच्या बाजूला झालेल्या मोठ्या वसाहतीत, फ्लॅट घेतलाय. पेढे वाटताना म्हणाला, "डोंबिवली सोडली नाही हां मी. पत्ता डोंबिवली पूर्वच आहे."

बापूंनी पेढा हातातच ठेवला. "निळजं कधीपासून डोंबिवली झालं रे? रात्री अंथरुणात पडल्या पडल्या लोकलचा आवाज येतो, तिथवर डोंबिवली. त्यापुढे बाकीचं."

बापू रेल्वेतून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांच्या लेखी हे शहर म्हणजे रेल्वेचं लेकरू. हिशेबही त्यांना तोंडपाठ. १८५३ला गाडी ठाण्यापर्यंत आली, १८५४ला कल्याणला पोचली, पण डोंबिवलीला स्टेशन व्हायला १८८७ उजाडलं. "तेहतीस वर्षं गाड्या न थांबता जात होत्या. थांबायला होतं काय इथं? चिखल, खाडी नि भात. स्टेशन झालं, मग माणसं आली."

"म्हणजे बापू, आम्ही माणसं नव्हतो?" दादूस ताडकन उठला. दादूस आगरी, घर पूर्वेच्या एका गावात. "आयरे, कोपर, चोळे, पाथर्ली, ठाकुर्ली ही गावं काय तुमच्या गार्डाने शिट्टी मारल्यावर वसली? स्टेशनला नाव दिलंत तेसुद्धा गावाचंच."

बापू गप्प झाले. मला दादूसचं मनापासून पटलं. आमच्यासारखी गिरगाव-दादरकडून आलेली माणसं डोंबिवलीचा इतिहास स्वतः सामान उतरवलं त्या दिवसापासून मोजतात. माझे वडील गिरगावातल्या चाळीतली दहा बाय बाराची खोली सोडून इथे आले. त्यांना दोन खोल्या परवडल्या, कारण कुणीतरी आपलं खाचर विकलं होतं. ते कुणाचं, हे आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही.

मंग्याचं म्हणणं तिसरंच. नुसत्या रेल्वेने झोपायची जागा तयार होते, शहर होत नाही. १९६४ साली एमआयडीसी आली, कारखान्यांना पाणी आलं, कामगार आले, निवासी विभाग उभा राहिला. आज नाटक बघायला आपण जातो ते सावित्रीबाई फुले कलामंदिरसुद्धा तिकडेच आहे, स्टेशनपाशी नाही.

मी किल्लीने कट्ट्यावरच्या धुळीत एक तिरकी रेघ ओढली. ही रेल्वे, दिव्याकडून कल्याणकडे जाणारी. रेघेच्या या अंगाला आपण, पश्चिमेचे; थोडं चाललं की रेतीबंदर, तिवरं, उल्हास नदीची खाडी. तिथे वाढ संपली. दिव्यापलीकडे मुंब्र्याचा डोंगर. वरच्या टोकाला कल्याण, ते आधीच भरलेलं. मोकळी राहिली फक्त पूर्व-दक्षिण बाजू, मानपाडा, शिळ रस्ता, थेट मलंगगडाच्या पायथ्याकडे. शहर त्या बाजूने धावत सुटलं आणि स्टेशन मात्र एका कडेला होतं तिथेच राहिलं. सकाळी शेअर रिक्षाच्या रांगेत अर्धा तास जातो तो यामुळे. आणि दोन्ही बाजू जोडायला पूल किती? कोपर पूल २०१९ला बंद झाला, तेव्हा ठाकुर्लीच्या पुलावर काय हाल झाले ते आपण सगळ्यांनी भोगलंय.

"मेट्रो होऊ दे की," बापू म्हणाले. कल्याण-डोंबिवली-तळोजा मेट्रो शिळ रस्त्याच्या बाजूनेच जाणार आहे. मला तिची आशा आहे, खोटं कशाला बोलू. पण मेट्रो आली तरी नळाला पाणी तीच आणणार का? माझी बहीण महापालिकेत कधी आत, कधी बाहेर असलेल्या सत्तावीस गावांपैकी एका गावाच्या हद्दीत राहते. सात मजली इमारत, खाली झकपक लॉबी आणि मे महिन्यात टँकरचा पाइप जिन्याखालच्या टाकीत सोडलेला. टँकर आला की वॉचमन शिट्टी मारतो आणि बाया हातातलं पीठ तसंच ठेवून मोटर लावायला धावतात.

सत्तावीस गावं म्हटल्यावर दादूस परत पेटला. "१९८३ला महापालिका झाली, आम्हाला आत घेतलं. २००२ला बाहेर काढलं. २०१५ला परत आत. मधल्या वर्षांत तुमच्या बिल्डरांनी टॉवर उभे केले, रस्ते बैलगाडीचेच राहिले. आणि तुम्ही भांडताय डोंबिवली कुठवर!"

२०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची वस्ती साडेबारा लाखांच्या घरात होती. त्यात ही गावं धरलेली नव्हती, कारण तेव्हा ती बाहेर होती. एवढी माणसं मोजणीच्या एका तऱ्हेत दिसतात आणि दुसऱ्या तऱ्हेत गायब होतात, हे मला तरी भयंकर वाटतं.

मंग्या जरा नरमला. म्हणाला, "दिवाळीच्या पहाटे पोरं पलावातून फडके रोडलाच येतात ना. पाडव्याच्या शोभायात्रेलाही. मग आम्ही डोंबिवलीकर नाही कसे?"

"आहातच," दादूस म्हणाला. "पण गावच्या जत्रेलाही या कधीतरी." मग जरा थांबून, "तुझी बिल्डिंग नक्की कुठली? तिकडे माझ्या मामाची दोन खाचरं होती, बांधावर विहीर."

मंग्याने मोबाइलवर नकाशा उघडला. दादूस बोटाने तो सरकवत राहिला, चष्मा कपाळावर चढवून, बराच वेळ. विहीर सापडली नाही. निळज्याचं तळं सापडलं, तिथून त्याने बोटानेच अंतर मोजलं आणि एका पार्किंगच्या करड्या चौकोनावर नख ठेवलं. "इथं."

बापूंनी तेव्हा कुठे पेढा तोंडात टाकला.