शेळीला थंडी वाजते, मला वाजायला वेळ नाही

खाल्ला! अख्खा कढीपत्ता खाल्ला. झेंडूच्या कुंड्या साफ, जास्वंदीचा नुसता दांडा शिल्लक, आणि टोमॅटोच्या रोपांचा ट्रे तर असा चाटूनपुसून ठेवलाय की धुवायचीही गरज नाही. तुळस तेवढी सोडली. ती थंडीनं आधीच काळी पडून वाळली होती, आणि बाईसाहेबांना वाळलेलं चालत नाही.

शेळीनं पाला खाल्ला यात नवल काय, असं कोणी म्हणू नका. आज माझी ऐकून घ्यायची तयारी नाही. पहाटे पारा पाच-सहावर येतो म्हणून कुंड्या उचलून पडवीत आणल्या. पहाटे पारा पाच-सहावर येतो म्हणूनच शेळ्याही पडवीत आणल्या. पडवी एकच आहे. म्हणून मध्ये बाज आडवी उभी केली, दावं किती पोचतं ते बघून घेतलं, आणि आमच्या ह्यांना जेवायच्या आधी सांगितलं, "गाठ नीट मारा." जेवण झाल्यावर पुन्हा सांगितलं. ह्यांनी सुरगाठ मारली. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाला दुसरी गाठ आलेली नाही. पोत्याचं तोंड असो, सायकलच्या मागचं ओझं असो, शेळीचं दावं असो, एक टोक ओढलं की सगळं मोकळं. ते टोक संगमनेरीला रात्रीत सापडलं. जातच हुशार आहे ती.

आणि राखण? राखणीला आमचा मोत्या होता ना! पहाटे दार उघडलं तर एक शेळी उभी राहून चरतेय, दुसरी बसून रवंथ करतेय, आणि त्या बसलेलीच्या पोटाला पाठ लावून मोत्या घोरतोय. ऊब मिळाली की इमान गेलं.

तरी इथवर मी गप्प होते. खरंच गप्प होते. झाडू घेऊन माती गोळा करत होते. तेवढ्यात हे रजई पांघरून दारात आले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि म्हणाले, "चला, तिचं पोट तरी भरलं."

तिचं पोट!

ती टोमॅटोची रोपं मी डिसेंबरात बी टाकून केली होती. एरवी आठवडाभरात उगवणारं बी या थंडीत मातीत तोंड खुपसून झोपतं. उगवावं म्हणून तो ट्रे फ्रिजच्या मागे ठेवला, कारण घरात चोवीस तास कोमट राहणारी तेवढीच जागा. फ्रिजमागे वाकून वाकून रोज झारीनं पाणी घातलं. फटीतून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकानं विचारलं, "इथे काय शोधतेस?" सासूबाईंना वाटलं माझं मंगळसूत्र पडलंय. एवढं करून वीतभर झालेली रोपं. तिचं पोट भरलं म्हणे. कडबा होता की पुढ्यात. पेंड होती. रात्री गूळ दिला होता, थंडीत अंगात ऊब राहावी म्हणून. पोट भरायला माझी रोपंच हवी होती?

ह्यांचं काय जातंय म्हणा. ह्यांचा गहू आहे. थंडी पडली की गव्हाला फुटवे येतात, मग हे पारावर बसून हात चोळत म्हणतात, "पडू द्या अजून." पलीकडे द्राक्षवाले कपाळाला हात लावून बसलेले, कारण मण्यांची फुगवण थांबलीय आणि तयार मालाला तडे जातायत. आमच्या गावात थंडीवरून उभे दोन तट आहेत, आणि दोन्ही तटांत पुरुषच आहेत. परसातल्या वांग्या-टोमॅटोचं कोणी काढत नाही. तो तिसरा तट मी एकटीच.

आणि त्या बातम्या! डोळे उघडून मोबाइल हातात घेतला की पहिली ओळ: राज्यात नीचांकी तापमान निफाडला, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात इतक्या इतक्या अंशांची नोंद. लगेच गावच्या ग्रुपवर टाळ्या आणि अंगठे. कशाबद्दल टाळ्या? महाबळेश्वरला वेण्णा लेकवर चिमूटभर हिमकण दिसले की आमच्याकडे माणसं हळहळतात, आपला नंबर गेला म्हणून. २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा दोनच्याही खाली उतरला होता, तो आकडा लोक अजून पोराच्या दहावीच्या टक्क्यांसारखा सांगतात. त्या वर्षी माझी पपई वरून खालपर्यंत उकडल्यागत लोळली होती, ते कोणाच्या लक्षात नाही.

मग येतात फोटोवाले. दहिवर गोठलं की उजाडायच्या आत मोटारसायकली काढून बांधाबांधानं फिरतात. पानावरचे मोती, पात्यावरचे मोती. तेच मोती माझ्या पालकावर असतात आणि नऊ वाजता ऊन लागलं की त्याचा हिरवा लगदा होतो. तेव्हा या म्हणावं फोटो काढायला.

त्यावर ह्यांचं शास्त्र. "केंद्राचा आकडा चार आहे. पाणी शून्याला गोठतं. तुझ्या वाफ्यात बर्फ कुठून येईल?" अहो, तो थर्मामीटर पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चार फुटांवर असतो. माझी मेथी काय चार फुटांवर उगवते? ढग नाही, वारं नाही अशा रात्री जमीन स्वतःची सगळी ऊब आभाळाला देऊन मोकळी होते, आणि जमिनीलगतचा पारा त्या पेटीतल्यापेक्षा कितीतरी खाली जातो. त्यात गार हवा जड. ती उतरत उतरत सखल जागा शोधते आणि तिथे बसते. सखल जागा म्हणजे कादवा नदीकडच्या उताराला असलेलं आमचं परस. सासऱ्यांनी घर बांधताना पुराचा विचार केला, दिशांचा केला, नाशिकहून वास्तूवाला आणला. त्यानं स्वयंपाकघर फिरवलं, जिना फिरवला, गार हवेचं नाव काढलं नाही.

बरं, थंडी चोवीस तास असती तरी एक वेळ परवडली असती. झाकून टाकलं असतं आणि मार्चला उघडलं असतं. तसं नाही. पहाटे ५ आणि दुपारी २८. म्हणजे दिवस कलला की झाका, ऊन चढलं की काढा. काढायला दहा वाजले तर आतल्या आत भाजी वाफवून तयार. जुनी लुगडी, फाटक्या चादरी, पोरांची दुपटी, सगळं रोज बाहेर आणि रोज आत, तेही दहिवरानं ओलंगच्च झालेलं, म्हणजे वाळत घाला. आमच्या परसाकडे बघून परवा एका पाहुण्यानं विचारलं, घरात बाळंतीण आहे का?

एका संध्याकाळी मला उशीर झाला तर थोरल्यानं मोठ्या उत्साहात प्लॅस्टिकचा कागद टाकला, सरळ झाडांवर. काठ्या नाहीत, काही नाही. जिथे जिथे कागद पानाला टेकला तिथे तिथे पान सकाळी करपलेलं. बारावीला शास्त्र आहे त्याला. "उष्णतेचं वहन" या धड्यावर चांगले मार्क आहेत.

द्राक्षवाले आपले पहाटे बागेत ड्रिप सोडतात, शेकोट्या पेटवतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, तेवढाच आधार. हे मला सांगतात, "तूही पहाटे पाणी दे." मी? शेतातली वीज रात्रीची असते म्हणून बारा वाजता टॉर्च घेऊन, कानाला मफलर गुंडाळून गव्हाला पाणी द्यायला जातो हाच माणूस. जाताना माझ्या वाफ्याला वळसा घालून जातो. चार पावलं आत वाकडी केली तर पाप लागेल. शेकोट्यांचा धूर मात्र आमच्याच घरात येतो, वाळत घातलेल्या चादरींना त्याचा वास, आणि पाच वाजता शेजारच्या बागेतला फवारणीचा ब्लोअर सुरू. त्यांना बोलताही येत नाही. त्यांचे लाखो रुपये वेलीवर लटकलेत, माझा कढीपत्ता कोण विचारतो.

आता कोंबड्या. बंद. एक अंडं नाही. आणि नेमकी याच दिवसांत सगळ्या नातेवाइकांना गावरान अंड्यांची आठवण होते. "थंडीत अंडं चांगलं असतं ना गं वहिनी." अगं चांगलं असतं, पण असावं लागतं! कोंबडीला नेमानं अंडं द्यायला निदान १४ तास उजेड लागतो. इथे दिवस जेमतेम ११ तासांचा. त्यात पिसं झडलेली, म्हणजे जे खाईल ते नवी पिसं फुटण्यात जातं. थंडीचा इथे तेवढा दोषसुद्धा नाही, पण आज मी सगळ्यांवरच चिडलेय तर थंडीनंही ऐकून घ्यावं.

त्यातल्या एकीला ऐन थंडीत खुडूक बसायची बुद्धी झाली. बसली, पिल्लं काढली, आणि दोन दिवसांत त्यांना सोडून उकिरड्यावर हिंडायला लागली. अंड्यातून नुकत्या निघालेल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. आता ती मी द्यायची. खोक्यात भुसा घातला, वर बल्ब लावायचा ठरवला आणि गेले दुकानात.

"दादा, साठचा पिवळा बल्ब द्या."

"ताई, ते आता कोण ठेवतंय? एलईडी घ्या. वीज वाचते."

"नको, पिवळाच पाहिजे."

"अहो ताई, हा बघा, तासन् तास लावा, हात लावून बघा, जरासुद्धा गरम होत नाही."

गरमच व्हायला पाहिजे होता हो! भर दुकानात ओरडले मी. मागे दोन-चार माणसं उभी होती, ती सरकून उभी राहिली. शेवटी सासूबाईंच्या ट्रंकेत दिवाळीच्या माळेशेजारी एक जुना बल्ब सापडला. तो लावला, पिल्लं त्याच्याखाली गोळा झाली, आणि वीज गेली. रात्रभर गरम पाण्याच्या बाटल्या भरून खोक्यात ठेवत बसले. मध्यरात्री हे उठले, म्हणाले, "पाणी तापलंच आहे तर थोडं माझ्या पायाला..." मी फक्त बघितलं. गेले परत झोपायला.

तिकडे धाकट्याच्या माशांच्या टाकीचा हीटर लावला की फ्यूज उडतो. मासे तळाशी जाऊन बसलेत, अंगावर पांढरे ठिपके आलेत, आणि तो मला विचारतो, यांना स्वेटर नाही का करता येणार? टोमणा होता तो. कारण शेळ्यांना केलाय. करायलाच लागला. आधी बारदानं बांधली होती, तर धाकटीचं बारदान थोरलीनं खाल्लं आणि थोरलीचं धाकटीनं. मग जुन्या लोकरीचं काहीतरी विणलं, पुढचे दोन पाय जातील असं. घरात सगळे हसले. हसा. ह्यांनी मफलर मागून किती हिवाळे झाले ते मला विचारू नका, पण शेळीला माप घेऊन विणलंय हे खरं आहे. रात्री झोपण्याआधी मी शेळ्यांचे कान हातात धरून बघते, गार आहेत का म्हणून. कोंबड्यांच्या तुऱ्यांना व्हॅसलीन लावते. माझ्या टाचांच्या भेगांत चवली-पावली मावेल, पण त्यांच्या वाटेचं व्हॅसलीन तुऱ्यांना गेलं.

मांजर तेवढी सुखी. चुलीतल्या कोमट राखेत झोपते, सकाळी करडी होऊन बाहेर येते आणि धुतलेल्या चादरीवर जाऊन अंग झाडते.

आणि ही थंडी धड राहीलही नाही. चार दिवसांनी आभाळ भरून येईल, पारा एकदम पंधरा-सोळावर, आणि जे काही शेळीच्या आणि दहिवराच्या तावडीतून सुटलंय त्यावर मावा पडेल. मग झाकपाक बंद आणि फवारणी सुरू. तेव्हाही हे म्हणतीलच काहीतरी.

हे सगळं चालू असताना मघाशी पुण्याहून नणंदेचा फोन. "वहिनी, तुमच्याकडे काय भारी थंडी पडलीय म्हणे! रविवारी मुलांना घेऊन येतोय. शेकोटी करू, हुरडा खाऊ. आणि हो, जाताना गावरान अंडी न्यायचीत, तीन-चार डझन तरी."

हो म्हटलं. नाही म्हणायची सोय नसते, त्यांच्या आई इथेच समोर बसलेल्या असतात. बाजारातून पांढऱ्या अंड्यांचा ट्रे आणून ठेवलाय. चहाचा चोथा उकळून त्यात एक बुडवून बघितलं. रंग बरा येतोय.