ऑर्नेट कोलमन चालींचा माणूस होता

'फ्री जॅझ' (ठरलेल्या चौकटी सोडून मोकळेपणाने वाजवलेलं जॅझ) म्हटलं की आपल्याकडच्या चांगल्या कानसेनांच्याही कपाळाला आठ्या पडतात. "ज्याला नीट वाजवता येत नाही तो फ्री वाजवतो" हे वाक्य जाणत्या लोकांकडूनही ऐकलं, म्हणून आज सविस्तर लिहितोय. हा आरोप ज्याच्या माथी सगळ्यात जास्त मारला गेला, तो सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन माझ्या मते विसाव्या शतकातल्या थोर चाली बांधणाऱ्यांपैकी एक होता.

जन्म 1930 चा, टेक्ससमधल्या फोर्ट वर्थचा. वडील लवकर गेले, आई शिवणकाम करायची. सॅक्सोफोन तो बराचसा आपला आपणच शिकला आणि नाचगाण्याच्या ठिकाणी ब्लूज (आफ्रिकी-अमेरिकी लोकांचं मनातलं दुःख सांगणारं गाणं) वाजवत मोठा झाला. 1949 मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजला त्याचं वाजवणं न आवडलेल्या काही जणांनी त्याला मारहाण केली आणि त्याचा टेनर सॅक्सोफोन मोडून टाकला. पुढे लॉस एंजेलिसला एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये तो लिफ्टमन झाला. कामाच्या वेळातच हार्मनीची (स्वरांच्या मेळाची) पुस्तकं वाचायचा. रात्री कुठे वाजवायला गेला, तर तो स्टेजवर चढल्यावर बाकीचे वादक खाली उतरायचे. चांगला पितळी सॅक्सोफोन परवडेना म्हणून 1954 च्या सुमारास त्याने पांढरा, प्लास्टिकचा ग्राफ्टन आल्टो (टेनरपेक्षा चढ्या सुराचा सॅक्सोफोन) घेतला. त्याचीही टिंगल झाली. वर्षभरापूर्वीच टोरांटोच्या मैफलीत खुद्द जॅझचा दिग्गज सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने ग्राफ्टनच वाजवला होता, हे मात्र कुणाला आठवलं नाही.

मग त्याने असं केलं तरी काय? आपल्या चौकडीतून पियानो काढून टाकला. पियानो असला की कॉर्ड्सचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुड्यांचा) क्रम ठरतो, किती मात्रांनी कुठली कॉर्ड येणार हे पक्कं होतं आणि एकल वाजवणाऱ्याला त्या चौकटीतच फिरावं लागतं. ऑर्नेटचं म्हणणं, चाल जिकडे नेईल तिकडे जाऊ द्या, साथीदार ऐकत ऐकत सोबत येतील. त्यासाठी कान लागतात, आणि डॉन चेरी (कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं वाद्य), चार्ली हेडन (बास), बिली हिगिन्स (ड्रम्स) या तिघांकडे ते होते. कॉर्ड्सशिवाय नुसत्या सुरावटीवर तासन्‌तास रमणारे आपण लोक! ऑर्नेट आपल्याला अवघड का जावा, हे मला आजवर कळलेलं नाही. राग आणि ऑर्नेट एकच, असं मी अजिबात म्हणत नाही. रागाचे नियम त्याच्याकडे नाहीत. पण एका सुरावटीवर भरवसा टाकून पुढे जाणं आपल्या कानांना परकं नाही.

'लोनली वुमन' ऐका. 1959 च्या 'द शेप ऑफ जॅझ टू कम' या अल्बममधली पहिलीच रचना. हिगिन्स झांजेवर जलद लय धरतो, खाली हेडनचा बास घुमत राहतो, आणि त्या धावत्या लयीवर आल्टो आणि कॉर्नेट अगदी संथ, विलापासारखी चाल घेऊन येतात. दोघं तीच चाल वाजवतात, पण काटेकोर एकत्र नाही. एक जण किंचित पुढे, एक किंचित मागे. ती फट जाणूनबुजून ठेवलेली आहे आणि सगळं दुःख तिथेच आहे. मध्येच ऑर्नेटचा सूर फाटल्यासारखा वर जातो तेव्हा मला टेक्ससचा ब्लूज गाणारा माणूसच ऐकू येतो. याला गोंगाट म्हणायचं?

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबमध्ये ही चौकडी वाजवू लागली आणि शहराचे दोन तट पडले. प्रसिद्ध संगीतकार आणि वाद्यवृंद-संचालक लिओनार्ड बर्नस्टाइन भारावून गेला. जॅझचा नामांकित ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने मात्र हा माणूस आतून बिघडलेला आहे, अशी संभावना केली. 1960 च्या डिसेंबरमध्ये दोन चौकड्या एकाच वेळी वाजवणारं, सुमारे 37 मिनिटांचं 'फ्री जॅझ' रेकॉर्ड झालं आणि ते नाव ऑर्नेटला कायमचं चिकटलं. माझं खरं भांडण या शिक्क्याशी आहे. लोक शिक्का वाचतात आणि चाली ऐकतच नाहीत.

पुढचं सगळंच मला पटतं असं नाही. त्याचं व्हायोलिन मला अजूनही झेपत नाही. 1966 मध्ये दहा वर्षांच्या मुलाला, डेनार्डोला, ड्रम्सवर बसवून 'द एम्प्टी फॉक्सहोल' हे रेकॉर्ड केलं, तेव्हा टीका झालीच. पण तोच डेनार्डो पुढे अनेक वर्षं बापाला साथ करत राहिला. सत्तरच्या दशकात इलेक्ट्रिक गिटार घेऊन त्याचा 'प्राइम टाइम' बँड आला. नंतर त्या बँडमध्ये तबल्यावर बादल रॉय होते. डॉन चेरी तर आपल्या मुंबईच्या त्रिलोक गुर्टूंबरोबर वाजवत असे. ज्याला वेडा ठरवलं, त्याच ऑर्नेटला 'साउंड ग्रामर' या अल्बमसाठी 2007 मध्ये अमेरिकेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. वय 77. 2015 च्या जूनमध्ये तो गेला.

ऐकायला सुरुवात करायची तर 'फ्री जॅझ'ला आधी हात लावू नका, ते शेवटी. आधी 'लोनली वुमन' दोनदा, लागोपाठ. मग 'चेंज ऑफ द सेंच्युरी' या अल्बममधलं 'रॅम्बलिन'. त्यात ब्लूज इतका उघड आहे की पायाने आपोआप ठेका धरला जातो. तेवढं ऐकून झालं की मग माझ्याशी खुशाल वाद घाला.