हेनानचा माणूस आणि आफ्रिकेचा माणूस: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

चीनमधील वर्णभेदावरच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांच्या सोयीसाठी आपल्या म्हणण्याचा गोषवारा आधी देतो. मी ज्याला वर्णभेद म्हणतो तो मुळात स्थानिक आणि उपरा यांच्यातला जुनाच भेद आहे, असे आपले म्हणणे आहे. शांघायचा माणूस हेनान प्रांतातल्या माणसालाही तितकेच हिणवतो, ही पुणेकर-नागपूरकरांसारखी चढाओढ आहे, आणि गोऱ्यांना तर तिथे डोक्यावर घेतात, असे आपण लिहिता. ज्या देशाने सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचा पुतळा उभारला त्याच्यावर वर्णद्वेषाचा शिक्का मारणे आपल्याला कृतघ्नपणाचे वाटते. शेवटी आपण विचारले आहे की, ईशान्येकडच्या मुलांना दिल्लीत काय सोसावे लागते हे ठाऊक असलेल्या भारतीयाने चीनकडे बोट का दाखवावे.

चीनमधला प्रांतभेद मी लेखात दोन ओळींत उरकला, ही माझी चूक आहे आणि ती मी मान्य करतो. पण त्याला चढाओढ म्हणणे मला पटत नाही, कारण तो त्याहून फार कठोर आहे. शांघायमध्ये सुबेईच्या, म्हणजे ज्यांगसू प्रांताच्या उत्तर भागातून आलेल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या रिक्षा ओढल्या, हजामती केल्या, न्हाणीघरांत लोकांची अंगे चोळली, आणि त्या शहरात ‘सुबेईचा’ हा शब्दच शिवी होऊन बसला. 1932 साली जपानने शांघायवर हल्ला केला तेव्हा याच लोकांवर फितुरीचा आळ घेतला गेला. हे सगळे एकाच भाषाकुळातले, एकाच वर्णाचे आणि शे-दोनशे मैलांच्या आतले लोक होते. हेनानच्या माणसाला चोर आणि लबाड ठरवणे तर इतके अंगवळणी पडले आहे की, 2005 साली शेन्झेनमध्ये पोलिसांनीच ‘हेनानच्या खंडणीखोर टोळ्यांचा बीमोड करा’ अशा अर्थाचा फलक रस्त्यावर लावला. दोन हेनानी नागरिक त्याविरुद्ध न्यायालयात गेले, तेव्हा कुठे पोलिसांनी माफी मागितली.

या भेदाला कायद्याचेही पाठबळ आहे. 1958 पासून चीनमध्ये प्रत्येक कुटुंबाची ‘हुकौ’ नावाची नोंदणी असते आणि शाळा, दवाखाना, घर यांवरचा हक्क बऱ्याच अंशी तिच्यावर ठरतो. सुन झिगांग हा हुबेई प्रांतातला 27 वर्षांचा पदवीधर तरुण दक्षिणेकडच्या ग्वांगचौ शहरातल्या एका कंपनीत डिझायनर म्हणून नुकताच रुजू झाला होता. मार्च 2003 मध्ये एका संध्याकाळी तो बाहेर पडला, तात्पुरत्या रहिवासाचा परवाना जवळ नाही म्हणून पोलिसांनी त्याला धरले, आणि तीन दिवसांनी, कोठडीतल्यांसाठी असलेल्या दवाखान्यात बेदम मारहाण झाल्याने, त्याचा मृत्यू झाला. देशभर इतका संताप उसळला की परगावच्या लोकांना धरून परत पाठवण्याची ती पद्धतच त्या वर्षी सरकारला रद्द करावी लागली. आपल्याच देशात फिरताना एका कागदापायी जीव जावा, याची तुलना पुण्या-नागपूरच्या थट्टेशी करू नये, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. हा प्रांतभेद आणि परदेशी माणसाशी होणारा भेद एकच आहे का? मी शांघायमध्ये पाच वर्षे नोकरी केली. तिथला एक प्रसंग लेखात आला नव्हता, तो इथे सांगतो.

मी भाड्याचे घर शोधत होतो. दलाल मुलाने एका जुन्या इमारतीतली दोन खोल्यांची जागा दाखवली; स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या गॅलरीत वाळत घातलेले खारवलेले बदक दिसत होते. जागा मला आवडली. त्याने तिथूनच मालकीणबाईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू ठेवला, कारण मला चिनी समजत नाही असा त्याचा समज होता. भाडेकरू कुठला आहे, असे बाईंनी विचारले. भारतीय, असे त्याने सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग प्रश्न आला, “काळा आहे का?” मुलाने मान वळवून माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाला, “फार नाही.” तरीही जागा मिळाली नाही. पुढच्या महिन्यात माझ्या कचेरीतल्या एका हेनानी सहकाऱ्याने तीच जागा घेतली. बाईंनी त्यालाही हैराण केले. एकाऐवजी तीन महिन्यांची अनामत घेतली, ओळखपत्राची प्रत घेतली, कंपनीचे पत्र मागितले. पण जागा दिली. दोन वर्षांनी तो बऱ्यापैकी शांघायची बोली बोलू लागला होता आणि वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या आधी त्याच बाई त्याच्यासाठी घरी केलेल्या पदार्थांचे डबे पाठवू लागल्या होत्या.

मला जो फरक दिसतो तो असा आहे. हेनानच्या माणसासमोरचे दार जड आहे, कुरकुरते आहे, पण ते दार आहे. बोली शिकून, पैसा कमावून, लग्न करून, निदान पुढच्या पिढीत तो आत शिरू शकतो. सुबेईच्या हमालाच्या नातवंडांना आज कोणी सुबेईचे म्हणून ओळखतही नाही. कातडीच्या रंगापुढे मात्र दार नाही, भिंत आहे. याची सर्वांत स्पष्ट साक्ष लोऊ जिंग या मुलीची आहे. तिची आई शांघायची, वडील कृष्णवर्णीय अमेरिकन. ती शांघायमध्येच जन्मली, आईपाशी वाढली आणि तिथली बोली तिच्या तोंडी सहज होती. 2009 मध्ये ती दूरचित्रवाणीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत उतरली. सूत्रसंचालकांनी कौतुकाने का होईना, तिला ‘चॉकलेट’ म्हटले आणि इंटरनेटवर तिच्यावर व तिच्या आईवर इतकी घाण ओतली गेली की ती वाचवत नाही. ही चिनी कशी, असा प्रश्न उघडपणे विचारला गेला. आपल्या मांडणीप्रमाणे भेद केवळ उपरेपणाचा असता, तर या मुलीला त्याची झळ लागण्याचे काही कारणच नव्हते, कारण ती उपरी नव्हतीच.

गोऱ्यांना डोक्यावर घेतात, हे आपले निरीक्षण अचूक आहे, पण ते आपल्याच मुद्द्याच्या विरोधात जाते. उपरेपणा हेच कारण असेल, तर कॅनडाचा माणूस आणि नायजेरियाचा माणूस सारखेच उपरे ठरायला हवेत. प्रत्यक्षात इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीत गोरा चेहरा हीच पात्रता धरली जाते आणि उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या कृष्णवर्णीय शिक्षकाला दारातून परत पाठवले जाते. ही उतरंड रंगाने ठरते, अंतराने नव्हे. ती कालपरवाचीही नाही. कांग योवेई यांच्यासारख्या सुधारकाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जगातील सर्व भेद मिटवण्याचे स्वप्न मांडले, तेव्हा त्यातही गोरे आणि पीतवर्णी वर ठेवले आणि काळा वर्ण हळूहळू नाहीसा करण्याच्या योजना सुचवल्या. नानजिंगमध्ये डिसेंबर 1988 मध्ये एका विद्यापीठातील नाताळच्या नृत्यसमारंभाच्या दारात झालेल्या भांडणातून हजारो तरुण आफ्रिकी विद्यार्थ्यांविरुद्ध घोषणा देत रस्त्यावर उतरले आणि त्या विद्यार्थ्यांना जीव मुठीत धरून रेल्वे स्थानक गाठावे लागले.

2020 या एकाच वर्षात हे दोन्ही भेद शेजारी-शेजारी दिसले. कोरोनाची साथ हुबेईतल्या वुहान शहरात सुरू झाल्याने जानेवारी-फेब्रुवारीत हुबेईच्या लोकांना इतर प्रांतांत हॉटेलांनी जागा नाकारली, आणि मार्चअखेर हुबेई व शेजारचा ज्यांगशी प्रांत यांना जोडणाऱ्या यांगत्सेवरील पुलावर दोन्ही बाजूंच्या पोलिसांतच धक्काबुक्की झाली. त्यानंतर काही दिवसांतच ग्वांगचौमध्ये आफ्रिकी रहिवाशांना, कुठेही प्रवास केलेला नसतानाही, घरांतून आणि हॉटेलांतून बाहेर काढण्यात आले आणि कित्येकांनी रात्री फुटपाथवर काढल्या. हुबेईच्या माणसाला त्याच्या गावामुळे संशयित मानले गेले. तो संशय अन्यायाचा होता, पण साथ ओसरल्यावर तोही ओसरला. आफ्रिकी माणसाला त्याच्या चेहऱ्यामुळे संशयित मानले गेले, आणि त्याच्यासाठी मुख्यतः आफ्रिकी देशांच्या राजदूतांनाच बोलावे लागले.

याच संदर्भात 2019 चा हांगचौचा निकाल आठवतो. एका कंपनीने एका तरुणीचा नोकरीचा अर्ज नाकारताना ‘हेनानची आहे’ एवढेच कारण दिले होते. रोजगारविषयक कायद्यात वंश, लिंग, धर्म असे शब्द आहेत, प्रांत हा शब्द नाही. पण यादीच्या शेवटी ‘इत्यादी’ आहे आणि न्यायालयाने प्रांत त्या ‘इत्यादी’त बसवून तिला 10,000 युआन भरपाई आणि जाहीर माफी मिळवून दिली. हेनानच्या मुलीला असे न्यायालय मिळाले याचा मला आनंदच आहे. कायद्यात वंशाचे नाव स्पष्ट लिहिलेले असूनही ग्वांगचौच्या फुटपाथवरच्या माणसाला मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही.

आपली ‘आतला-बाहेरचा’ ही विभागणी आणखी एका ठिकाणी तुटते. वायव्येकडच्या शिनजियांगमधले मुस्लिम उइगुर लोक चिनी नागरिक आहेत, त्यांच्या खिशात चिनी ओळखपत्र असते, आणि तेच ओळखपत्र पाहून त्यांना हॉटेलात खोली नाकारली जाते. जून 2009 मध्ये ग्वांगदोंगमधल्या शाओग्वान येथील खेळण्यांच्या कारखान्यात एका अफवेवरून उइगुर कामगारांवर जमाव चालून गेला, त्यात दोघे मारले गेले, आणि दहाच दिवसांत शिनजियांगची राजधानी उरुमची दंगलीने पेटली. हा प्रांतभेद म्हणावा की वर्णभेद, याचे उत्तर आपल्या चौकटीत सापडत नाही.

ईशान्येबद्दलचा आपला प्रश्नही इथेच लागू पडतो. 2014 साली दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांवरून आणि दिसण्यावरून शेरेबाजी झाली, मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. त्याला मी प्रांतवाद म्हणत नाही, वर्णद्वेषच म्हणतो. जो शब्द आपल्या देशाला लावतो तोच चीनला लावला, एवढेच मी केले आहे. डॉ. कोटणीसांविषयी माझ्या मनात आपल्याइतकाच आदर आहे. शिज्याच्वांगच्या हुतात्मा स्मारकात मी त्यांच्या समाधीपुढे उभा राहिलो आहे आणि तिथे कोणीतरी ठेवलेली ताजी फुले पाहिली आहेत. 1938 साली चीनला गेलेल्या आणि 1942 साली तिथेच, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी वारलेल्या डॉक्टरावरचे ते प्रेम खरे आहे. पण त्या प्रेमाचा दाखला देऊन मालकीणबाईंचा प्रश्न पुसता येत नाही.

तरीही आपल्या प्रतिक्रियेने मला एका बाबतीत विचार बदलायला लावला. परदेशी माणसाचा अपमान अधिक खोल असतो, म्हणून त्याचे नुकसानही अधिक असते, असे मी लेखात लिहिले होते. ते बरोबर नाही. मला ती जागा नाकारली गेली, तेव्हा कंपनीने आठवडाभरात दुसरी शोधून दिली आणि कंटाळा आल्यावर मी पासपोर्ट घेऊन परत आलो. माझ्या हेनानी सहकाऱ्याला जागा मिळाली, डबे मिळाले, पण शांघायची हुकौ मिळाली नाही. तिथल्या शाळेत नेहमी वरचा क्रमांक काढणाऱ्या त्याच्या मुलीला तिथे पुढची प्रवेश परीक्षा देता येईना, म्हणून सातवीत तिला हेनानमध्ये आजी-आजोबांकडे पाठवावे लागले, जिथे विद्यापीठ प्रवेशासाठी दरवर्षी दहा लाखांहून अधिक मुले झगडतात. तो तिला वर्षातून एकदा, वसंतोत्सवात भेटत असे. अशी कोट्यवधी मुले आहेत. लेखातले ते वाक्य मी आज काढून टाकले आहे आणि त्याजागी या मुलीविषयी लिहिले आहे.