ऑर्कला पोर झालं तर तुमचं काय बिघडतं?

आज दुपारी जेवता जेवता फोन उघडला आणि डोकंच फिरलं. वाचकांच्या एका ग्रुपवर कोणीतरी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनच्या जगावर बेतलेल्या 'रिंग्ज ऑफ पॉवर' या मालिकेच्या दुसऱ्या सीझनमधला तो फोटो पुन्हा टाकला होता. ऑर्क, म्हणजे टोल्किनच्या गोष्टींत दुष्टांच्या सैन्यात लढणारा विद्रूप प्राणी, त्याची बायको, तिच्या कुशीत तान्हं पोर. खाली मजकूर, "टोल्किनचं पार वाटोळं केलं. आता ऑर्कचीही दया यायला लागणार!" आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

मालिकेला खुशाल शिव्या घाला, मी मध्ये पडणार नाही. पण टोल्किनच्या नावावर हे खपवू नका. त्याच्याच 'सिल्मरिलियन'मध्ये स्वच्छ लिहिलंय की ऑर्कना जीव आहे आणि एल्फांची (त्या जगातल्या अमर, देखण्या लोकांची), माणसांची प्रजा वाढते तशीच त्यांचीही वाढते. त्याच्या 'हॉबिट'मधला ऑर्क सरदार बोल्ग हा अझोग या ऑर्कचा मुलगा. मुलगा! काय, खाणीतून खणून काढला होता? त्याच पुस्तकात गुहेत राहणाऱ्या गॉलम या प्राण्यानं काही तासांपूर्वीच एक बारकं गॉब्लिन पकडून खाल्लेलं असतं आणि ते कसं चिरकलं हे त्याला आठवत असतं. गॉब्लिन म्हणजे ऑर्कच. कित्येक दशकं लोक ते पान वाचताहेत, कोणाला त्या पोराची आई आठवली नाही. ऑर्क बायका असणारच, असं खुद्द टोल्किननं १९६३ च्या एका पत्रात लिहिलंय. आपल्याला ऑर्क भेटतात ते फक्त सैन्यात, म्हणून त्यांचं घरचं जगणं कळत नाही, इतकंच.

आम्ही काही मित्रमैत्रिणी रविवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायचो, म्हणजे एकेका पात्राची भूमिका घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ. एका डावात एक जखमी ऑर्क आमच्या हाती लागला. कुऱ्हाड खाली टाकून गुडघ्यावर बसला. खेळ चालवणाऱ्या मैत्रिणीनं त्याला छान उभा केला होता, एक कान फाटलेला, गळ्यात दोऱ्यात ओवलेली हाडाची शिट्टी. आणि आमचा पॅलाडिन, म्हणजे धर्माची शपथ घेतलेला वीर, फासा उचलत म्हणाला, "ऑर्कच आहे, त्यात विचारायचं काय?" मी अरे थांब, तो शरण आलाय, म्हणेपर्यंत फासा पडलाही होता. वीस, सगळ्यात मोठा आकडा! टाळ्या!

ती शिट्टी कशासाठी होती, हे विचारायचं राहूनच गेलं.

हो, ऑर्क क्रूर असतात, माणसं खातात, कैद्यांना छळतात, मान्य आहे. पण 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दुसऱ्या भागाच्या, 'टू टॉवर्स'च्या शेवटाकडे शाग्रात आणि गोरबाग या दोन ऑर्क नायकांचं बोलणं एकदा नीट वाचा. कथेतला सॅम अदृश्य करणारी अंगठी घालून लपतछपत त्यांच्या मागे चाललाय आणि हे दोघे जुने सोबती साहेबांच्या नावानं बोटं मोडताहेत. नाझगूलची, म्हणजे त्यांच्या मालकाच्या, सॉरॉनच्या भुतासारख्या सरदारांची नजर पडली की अंगावर काटा येतो म्हणताहेत. लढाई संपली की चार भरवशाची पोरं घेऊन कुठेतरी सटकू, डोक्यावर कोणी बडा साहेब नको, असा बेत चाललाय. (लूटमार करायलाच, तेही खरं.) रात्रपाळीला कंटाळलेली माणसं याहून वेगळं काय बोलतात? जखमी सोबत्याला टाकून जाणं ही एल्फांची खोड, असं गोरबाग तावातावानं म्हणतो. आणि थोड्याच वेळात शाग्रात उफ्थाकची गोष्ट सांगतो. हा त्यांचा सोबती एका अजस्र मादी कोळ्याच्या जाळ्यात जिवंत लटकलेला, टक्क डोळे उघडे, आणि हे सगळे त्याला हसून पुढे निघून गेले. मला ते वाचताना दर वेळी पोटात कालवतं. सोबत्याला टाकून जाणं वाईट, हे त्यांना कळतं हो. कळूनही ते तसे वागतात, कारण भीती. शेवटी एका चिलखतापायी दोघे एकमेकांच्याच जिवावर उठतात.

त्याच पुस्तकात हेल्म्स डीप या किल्ल्याची लढाई संपल्यावर शत्रूच्या बाजूनं लढलेल्या डनलंडच्या माणसांना जिंकलेले रोहनवाले जीवदान देतात, शपथ घ्यायला लावून घरी पाठवतात. त्याच सैन्यातले ऑर्क चालत आलेल्या झाडांच्या अरण्यात शिरतात आणि एकही बाहेर येत नाही. लढाई एकच, हुकूम एकाच सारुमनचा, त्या दुष्ट जादूगाराचा. मग न्याय दोन का?

आमच्या पॅलाडिनचं आजही म्हणणं आहे की तो खेळाचे नियम पाळत होता. २०२४ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये ऑर्क होऊन खेळता यायला लागलं तेव्हा सगळ्यात जास्त तोच चिडला.

आणि टोल्किनलाही मी सोडणार नाही. १९५८ मध्ये एका सिनेमाच्या संहितेवर शेरे लिहिताना त्यानं ऑर्कचं रूप सांगितलं, चपटी नाकं, पिवळट कातडी, तिरपे डोळे, युरोपियनांना सगळ्यात कुरूप वाटणाऱ्या मंगोल चेहऱ्यांची विकृत आवृत्ती. माझ्या लाडक्या लेखकाचं हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं होतं. एका अख्ख्या जमातीला जन्मानंच गुन्हेगार ठरवणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजवायला नको. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा, सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण, आणि १९५२ मध्ये कायदा गेल्यावरही चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जाणारे पोलीस. माझ्या मित्रयादीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. तरी त्याच यादीतली काही माणसं आज त्या फोटोवर हसली, म्हणून एवढं लिहितोय.

पण टोल्किनला स्वस्थता नव्हती, हेही लिहिलंच पाहिजे. ऑर्क एल्फांपासून झाले, माणसांपासून की जनावरांपासून, हे तो उतारवयातही पुन्हा पुन्हा मांडत आणि मोडत राहिला. ती टिपणं १९९३ मध्ये 'मॉरगॉथ्स रिंग'मध्ये आली. त्यात एक गोष्ट स्पष्ट आहे. ऑर्क शरण येऊन दया मागेल तर ती द्यायलाच हवी, त्याची किंमत मोजावी लागली तरीही. तसे फार थोडे आले, असंही तो लिहितो. पण नियम तो आहे, पॅलाडिनसाहेब.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या शेवटी सॉरॉन पडल्यावर नवा राजा अॅरागॉर्न पूर्वेकडच्या शरणागतांना माफ करतो, सॉरॉनच्या बाजूनं लढलेल्या हाराडशी तह करतो, मॉर्डोरच्या, म्हणजे सॉरॉनच्या मुलखातल्या गुलामांना सोडवून नुर्नेन तळ्याभोवतीची जमीन देतो. ऑर्कबद्दल तिथे एक ओळ नाही. ज्यांना चाबकाखाली पळवत लढाईला नेलं, ज्यांना नाव आणि नंबर वर कळवायची धमकी मिळायची, ते गुलाम नव्हते तर कोण होते? त्यांच्या बायकापोरांना त्या तळ्याकाठी जागा का नव्हती? हसणाऱ्यांपैकी कोणाकडे उत्तर असेल तर खाली लिहा, मी रात्रभर जागाच आहे.