बंद घरांना आमदार कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी मतदारसंघांच्या पुनर्रचनेवर, म्हणजे लोकसंख्येप्रमाणे मतदारसंघ नव्याने आखण्यावर, आमच्या साखरप्याचं उदाहरण घेऊन लिहिलं. म्हणणं एवढंच होतं की २००८ च्या पुनर्रचनेत रत्नागिरी जिल्ह्याच्या विधानसभेच्या ७ जागांच्या ५ झाल्या, सिंधुदुर्गाच्या ४ च्या ३ झाल्या, पुढच्या फेरीत आणखी जातील, तेव्हा आतापासून बोलायला हवं. त्यावर ‘स्पष्टवक्ता’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. ती अशी: ‘मास्तर, हे रडगाणं पुरे. माणसं गाव सोडून गेली, आता बंद घरांना आमदार कशाला? लोकसंख्येप्रमाणे जागा हे घटनेचं तत्त्व आहे. गावची कामं ग्रामपंचायत आणि झेडपी बघते. सगळा लेख साखरप्यावर, मंडणगड-दापोली कुठे गेली? आयुष्यभर सरकारी पगार घेऊन शाळेत बसलेल्यांनी आम्हाला राजकारण शिकवू नये.’

स्पष्टवक्ते, मतभेदाचं मला वावडं नाही. या ब्लॉगवर माझ्याविरुद्ध लिहिणारे वाचक आहेत आणि त्यांच्यातल्या काहींशी फोनवर तास-तास बोलणं होतं. पण कुणी आकडे मांडून, हिशेब करून काही सांगतं तेव्हा त्याला रडगाणं म्हणून मोकळं व्हायचं, ही पद्धत मला पटत नाही. लेखात चूक असेल तर ती दाखवा. तुम्ही एकही आकडा खोडलेला नाही. खोडलं आहे ते माझं बोलणं, आणि त्याला स्पष्टपणा म्हणत नाहीत.

मंडणगड-दापोलीबद्दल, म्हणजे जिल्ह्याच्या उत्तर टोकाबद्दल, मी कमी लिहिलं, हे मान्य. खेडची स्वतंत्र जागा गेली, तालुक्याचा एक भाग दापोलीला आणि एक गुहागरला जोडला, हे एका ओळीत उरकलं. त्या बाजूच्या कुणी सविस्तर लिहून पाठवलं तर आनंदाने छापीन.

आता बंद घरांचं. तुमच्या सगळ्या मजकुरात हे एकच वाक्य मला लागलं.

शाळेत बसून पगार घेतला म्हणता, तर त्याच पगारात मी बीएलओचं, म्हणजे घरोघर जाऊन मतदारयादी तपासणाऱ्याचं, काम केलं आहे. मतदारयादी काखोटीला मारून वाडी-वाडी फिरलो आहे. तुम्ही ज्याला बंद घर म्हणता ते मी दारात उभं राहून पाहिलं आहे. कडीला कुलूप असतं, पडवीत पावसाळ्यासाठी रचलेली लाकडं असतात, आणि तुळशीची माती ओली असते. पाणी कोण घालतं? शेजारची चुलती. ती त्या घरावर लक्ष ठेवते, घरपट्टीची पावती जपते, बोअरचं बटण वेळेवर बंद करते. तिचे दोन्ही मुलगे नालासोपाऱ्याला. यादीत तिच्या घरातली पाच नावं, त्यातली चार मी सात नंबरच्या फॉर्मने वगळायला पाठवली, कारण नियम तसा आहे: माणूस जिथे राहतो तिथेच त्याचं मत, नुसतं गावी घर आहे म्हणून नाही. ती चार नावं वाचून दाखवताना म्हातारी म्हणाली, ‘म्हंजे आता मी येकटीच काय?’

तुमच्या मते तीही बंद घरातच मोडते का? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत. राज्याचा आकडा ९२९. हे काही आमच्याकडे मुली जास्त जन्मतात म्हणून नाही. पुरुष गिरणगावात गेले, गिरण्या बंद पडल्यावर वसई-विरार, दिवा, डोंबिवलीकडे सरकले, आणि घर, शेत, सासू-सासरे, गुरं यांच्यापाशी बायका थांबल्या. मनिऑर्डरवर घर चालवणाऱ्या बायकांच्या या जिल्ह्याला कुणी बंद म्हणत असेल तर त्याने एकदा जुलै महिन्यात येऊन भाताची लावणी बघावी.

गेलेली माणसंही हवेत विरली नाहीत. ती तिकडे मोजली गेली. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या जागा त्याच पुनर्रचनेत १३ वरून २४ झाल्या. मला त्याची असूया नाही. आपल्याच भावंडांना तिथे प्रतिनिधी मिळाला, मिळायलाच हवा. पण ज्यांच्या कष्टाने तिथल्या जागा वाढल्या त्यांच्या आईला इथे ‘तुला आमदार कशाला’ असं विचारणं मला सहन होत नाही. तुम्ही स्वतः चाकरमानी असाल, आणि तुमच्या भाषेवरून मला तसं वाटतं, तर हे वाक्य तुम्ही गणपतीला घरी गेल्यावर आईसमोर म्हणून दाखवा.

घटनेचं तत्त्व सांगितलंत, पण अर्धं. कलम १७० म्हणतं की लोकसंख्या आणि जागा यांचं प्रमाण राज्यभर ‘शक्य असेल तितपत’ सारखं असावं. ‘शक्य असेल तितपत’ हे शब्द घटनेतच आहेत, मी घातलेले नाहीत. २००२ च्या पुनर्रचना कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की मतदारसंघ आखताना भूरचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाच्या सोयी आणि लोकांची सोय पाहावी. हिमाचलात लाहौल-स्पिती जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये जेमतेम साडेएकतीस हजार. त्या राज्याची सरासरी जागेमागे लाखभर येते. तरी लाहौल-स्पितीचा आमदार वेगळा आहे, कारण तिथले डोंगर कागदावर पुसता येत नाहीत. आमच्या आंबा घाटाखालच्या वाड्यांचं तेवढं टोक नाही, कबूल. पण मुंबईच्या ३६ जागा ६०३ चौरस किलोमीटरमध्ये बसतात, आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या ५ जागा ८२०८ मध्ये. तिथे सरासरी १७ चौरस किलोमीटरला एक आमदार, इथे १६०० च्या वर. आमदार निधी मात्र दोघांना वर्षाला ५ कोटी, सारखाच. दोन जागा गेल्या म्हणजे आजच्या दराने दरवर्षी १० कोटी गेले, आणि रस्त्यांची लांबी एक मीटरनेही कमी झाली नाही.

साखरप्याचं मी वारंवार का लिहितो, तेही सांगतो. साखरपा संगमेश्वर तालुक्यात. तहसील देवरूखला. देवरूख विधानसभेला चिपळूणबरोबर, आणि साखरपा राजापूर-लांज्याबरोबर. निवृत्तीनंतर आमच्या वाडीचा पऱ्ह्यावरचा (ओढ्यावरचा) साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल, पुरात गेला. पोरं शाळेला लांबच्या वाटेने वळसा घालून जायला लागली. पंचायत समितीचे कागद देवरूखला, तहसीलचा पंचनामा देवरूखला, आणि आमदारांच्या पत्रासाठी आधी लांजा, तिथे एसटी बदलून राजापूर. प्लॅस्टिकच्या पिशवीत वाहून गेलेल्या साकवाचे फोटो घेऊन आम्ही चौघे गेलो, तर अधिवेशन चालू, साहेब मुंबईत. दोष कुणाचाच नव्हता. पुढे भेट झाली, त्यांनी नीट ऐकून घेतलं, साकवही झाला. पण देवरूखच्या माणसाला एकाच गावात जे होतं त्यासाठी आम्हाला दोन दिशांना जावं लागतं, आणि त्यात दोन रोजंदारी बुडवणारी माणसं होती. निवडणुकीत तर आमची वाडी कुणाच्याच सभेत येत नाही. नाणार, बारसू, रिफायनरी हे राजापूरचे प्रश्न मोठेच आहेत, त्यांच्याबद्दल बोललंच पाहिजे. पण त्या गदारोळात पऱ्ह्यावरच्या साकवाचं कोण ऐकणार? आमची जुनी संगमेश्वरची जागा होती तेव्हा निदान तालुक्याचं राजकारण तालुक्यात होतं.

ग्रामपंचायत आणि झेडपीचं म्हणाल, तर जिल्हा परिषदेवर २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक बसला होता, निवडून आलेलं कुणी नव्हतंच. तो मुद्दा मी इथेच सोडतो.

उरला पुढचा हिशेब, आणि त्यासाठीच मूळ लेख होता. राज्याच्या २८८ जागा तशाच धरल्या तर २०११ च्या लोकसंख्येप्रमाणे जागेमागे ३ लाख ९० हजार माणसं येतात. रत्नागिरीची लोकसंख्या २००१ च्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गाची ८.६९ वरून ८.५० वर. म्हणजे रत्नागिरीच्या वाट्याला ४ च्या थोडं वर, सिंधुदुर्गाच्या २ च्या थोडं वर. ५ च्या ४ आणि ३ च्या २ व्हायला एवढं पुरे. आणि हे जुने आकडे. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत जागा गोठवल्या आहेत, आणि त्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. म्हणजे चाकरमानी गावी येतात त्या शिमग्याच्या आधी. तेव्हा वाडीत कोण असतं ते तुम्हाला सांगायला नको.

शाळेत बसलेल्याने राजकारण शिकवू नये म्हणालात. निवडणुकीच्या आदल्या रात्री मतदान यंत्र उशाशी घेऊन शाळेच्या फरशीवर झोपलेला केंद्राध्यक्ष मीच होतो, आणि पहाटे रांगेत पहिली उभी असायची ती तीच मागे राहिलेली माणसं. मी कुणाला शिकवत नाही. मी त्यांची बाजू मांडतोय.

पुनर्रचना आयोग प्रस्ताव राजपत्रात छापतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. त्या वेळी माझा अर्ज तयार असेल: संगमेश्वर तालुका फोडू नका, साखरपा परिसर देवरूखबरोबर ठेवा, आणि कोकणातली जागा कमी करण्याआधी अंतर आणि वाटा मोजा. तुम्हाला जागा कमी व्हाव्यात असं मनापासून वाटत असेल तर तुम्हीही अर्ज करा. तिथे मात्र स्वतःचं नाव आणि गाव लिहावं लागतं.